विमानाचे स्पार्क प्लग: काढणं, वाचणं आणि परत बसवणं

मॅग्नेटोवाला

बुलेटच्या धाग्यावर उद्यमनगरकर काकांनी विचारलं होतं, "विमानाचा प्लग असा काय सोन्याचा असतो रे, की तो काढायला लायसनवाला माणूस लागतो?" तिथं उत्तर लिहायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. मी मूळचा कोल्हापूरचा. पिस्टन विमानांचं बी-१.२ लायसन आहे, नोकरी एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये. शंभर तासांच्या तपासणीला येणाऱ्या सेस्ना हे माझं रोजचं गिऱ्हाईक.

लिहितोय ते लायकमिंग कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनांबद्दल, म्हणजे सेस्ना १५२ चं ओ-२३५ किंवा १७२ मधली ओ-३२० आणि आयओ-३६०. इंजिन बदललं की आकडे बदलतात, तेव्हा शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

हत्यार हातात घेण्याआधीची गोष्ट. गाडीत बॅटरी काढली की ठिणगी बंद. इथं मॅग्नेटोला बॅटरी लागतच नाही, तो फिरला की वीज तयार करतो. स्विच 'ऑफ' करणं म्हणजे मॅग्नेटोची प्रायमरी (आतली पहिली गुंडाळी) पी-लीड नावाच्या वायरीनं बॉडीला अर्थ करणं. ती वायर कुठं तुटली असेल तर चावी तुमच्या खिशात असली तरी मॅग्नेटो जिवंत. पंखा (प्रोपेलर) हातानं जरा फिरवला, इम्पल्स कपलिंगनं (मॅग्नेटोला झटका देणारा स्प्रिंगचा जोड) 'टक्' केलं आणि सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल उरलं असलं, की पंखा फिरतो. म्हणून चावी काढून सगळ्यांना दिसेल अशी डॅशबोर्डवर, मिक्श्चरचा दांडा (हवेत पेट्रोल किती ते ठरवणारा) पूर्ण मागं, चाकांना ठोकळे, आणि पंख्याच्या घेरात कुणी उभं राहायचं नाही. प्रत्येक सिलिंडरचा निदान एक प्लग बाहेर आला आणि उरलेल्यांच्या लीड (ठिणगीच्या वायरी) सुटल्या, की मग जीव खाली पडतो.

इंजिन थंड हवं. सिलिंडरचं डोकं ॲल्युमिनियमचं, प्लग पोलादाचा. गरम डोक्यातून प्लग ओढून काढला की आटे सोबत यायला बघतात.

प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, एक वर, एक खाली; म्हणजे एकूण आठ. लायकमिंगमध्ये पुढचा उजवा सिलिंडर १ नंबर, पुढचा डावा २, मागचा उजवा ३, मागचा डावा ४. उजवा-डावा वैमानिकाच्या बाजूनं. कॉन्टिनेंटल कंपनीच्या ओ-२०० इंजिनात मोजणी मागून सुरू होते, तिथं नवा पोरगा हमखास गोंधळतो.

आधी लीडचा नट. बारीक आट्यांच्या (५/८-२४) प्लगला पाऊण इंची पाना, मोठ्या (३/४-२०) प्लगला ७/८ इंची. नट फिरवताना दुसऱ्या हातानं लीडचा कोपरा धरून ठेवायचा, नाहीतर नटाबरोबर लीडही पिळवटते आणि आतली तार तुटते. लीडच्या टोकाला चिनी मातीची नळी आणि स्प्रिंग असते, आम्ही तिला सिगारेट म्हणतो. ती सरळ रेषेत बाहेर ओढायची, वाकवायची नाही. बाहेर आल्यावर तिला बोट लावायचं नाही, कारण बोटाचं तेल आणि घाम तिथं बसला की वीज त्या थरावरून पळते. मग स्वच्छ कापडाला ॲसिटोन लावून पुसत बसा.

मग ७/८ चा खोल सॉकेट, सहा कोनी. बारा कोनी नको, कोपरे मारतो. सॉकेट प्लगवर पूर्ण खाली बसला पाहिजे आणि दांड्याचा जोर सरळ रेषेत गेला पाहिजे. सॉकेट तिरका झाला की वरची मातीची नळी तडकते, आणि तडक आतल्या बाजूला असल्यामुळं दिसतही नाही.

निघालेला प्लग ट्रेमध्ये त्याच्या घरात ठेवायचा: १ वर, १ खाली, २ वर, २ खाली. ही सवय नसेल तर प्लग काढून उपयोगच काय? कारण खरं काम पुढं आहे, ते वाचायचं. संध्याकाळी लिहितो.

उद्यमनगरकर

लिही बाबा, वाचतोय. पण एक सांग, आठ प्लग कशाला? आमच्या इंजिनांना एक होता तरी शेतात पाणी पोचत होतं.

तांबडा_पांढरा

काका, तुमच्या शेतातलं इंजिन बंद पडलं तर ते जागेवरच राहतं. 😀

मॅग्नेटोवाला

तांबड्या-पांढऱ्यानं अर्धं उत्तर दिलंय. दोन मॅग्नेटो, दोन स्वतंत्र इग्निशन, एक गेला तरी दुसऱ्यावर घरी येता येतं. उरलेलं अर्धं उत्तर असं, की या सिलिंडरचा व्यास पाच इंचांच्या आसपास. एकाच बाजूनं पेटवलं तर आगीला पलीकडं पोचायला वेळ लागतो. दोन्हीकडून पेटवलं की जळण पूर्ण आणि वेळेत. म्हणूनच एक मॅग्नेटो बंद केला की आरपीएम थोडे पडतात. ते पडलेच पाहिजेत. अजिबात पडले नाहीत तर तो मॅग्नेटो बंदच झालेला नाही, म्हणजे वर सांगितलेली पी-लीडची भानगड.

आता प्लग वाचणं.

चांगला चाललेला प्लग फिकट तपकिरी किंवा करडा, कोरडा, थर पातळ. काळी भुकटी, बोटाला लागणारी काजळी असेल तर मिक्श्चर जाड चाललंय. बहुतेक वेळा जमिनीवर. काळा, ओला, तेलकट: रिंगा किंवा व्हॉल्व गाइडमधून तेल येतंय. खालचा एखादा प्लग थोडा ओलसर असणं या आडव्या इंजिनात नवल नाही, तेल खाली उतरतंच. पण वरचाही प्लग तेलकट निघाला की त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय मी काउलिंग (इंजिनावरचं झाकण) लावत नाही.

आणि मग शिसं. विमानाचं १०० एलएल पेट्रोल, नावात 'लो लेड', पण शिसं लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत असू शकतं. टेट्राएथिल लेड ठोका येऊ नये म्हणून घालतात. जळाल्यावर शिशाचा ऑक्साइड होतो, तो बसू नये म्हणून पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइडही असतं. त्यानं शिशाचं ब्रोमाइड होतं आणि ते वाफ होऊन एक्झॉस्टमधून जातं. अट एकच, प्लगचं टोक गरम पाहिजे, साधारण ४२५ अंश सेल्सिअसच्या वर. टोक थंड राहिलं की ब्रोमाइड तिथंच बसतं आणि खालच्या प्लगच्या पोटात करड्या रंगाचे कडक गोळे तयार होतात. कधी कधी ते गोळे दोन टोकांच्या मधोमध पूल बांधतात. ठिणगी मरते.

मातीच्या टोकाला तडा, तुकडा उडालेला, किंवा टोकं वितळल्यासारखी गोल झालेली दिसली तर विषय प्लगचा राहत नाही. त्या सिलिंडरमध्ये डिटोनेशन (मिश्रणाचा एकदम स्फोट) किंवा प्री-इग्निशन (ठिणगीआधीच पेटणं) झालेलं असू शकतं. प्लग नवा घालून सोडून दिला तर पुढच्या वेळी पिस्टनला भोक. अशा वेळी बोरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून आत बघायचं.

मासिव्ह इलेक्ट्रोडच्या (जाड टोकांच्या साध्या) प्लगात मधलं टोक झिजून लंबगोल होतं. मूळ जाडीच्या निम्म्यावर आलं की प्लग संपला.

आकाशवेडी

मी सध्या १७२ वर शिकतेय, सुट्टीत राजारामपुरीत घरी आलेय. आमच्याकडं रनअपला (उड्डाणाआधी जागेवर इंजिन तपासताना) १८०० आरपीएमवर मॅग्नेटो तपासतो, पडझड १५० पेक्षा जास्त नको आणि दोघांतला फरक ५० पेक्षा जास्त नको. एकदा उजव्यावर इंजिन असं थरथरलं की मी सरळ थ्रॉटल मागं ओढला. इन्स्ट्रक्टर सर शांतपणे म्हणाले, "मिक्श्चर पातळ कर, थोडा वेळ चालू दे, मग परत बघ." आणि खरंच थरथर गेली. पण मला ते पटलं नव्हतं. दोष लपवला की काढला?

मॅग्नेटोवाला

ताई, प्रश्न बरोबर जागी बोट ठेवणारा आहे. काढला, पण फक्त शिशाचा किंवा काजळीचा असेल तरच. मिक्श्चर पातळ केल्यावर ज्वलन गरम होतं, प्लगचं टोक तापतं, बसलेला थर जळून जातो. दोष प्लगच्या मातीला असेल, लीडला असेल, मॅग्नेटोला असेल, तर तो असा जात नाही. एकदा असं करून पडझड मर्यादेत आली तर उडायला हरकत नाही, पण उतरल्यावर वहीत लिहा. रोज सकाळी तेच विमान तोच खेळ करत असेल तर ते आम्हाला कळलं पाहिजे. विद्यार्थी सांगत नाहीत, वाटतं आपलंच काही चुकलं.

जमिनीवर टॅक्सी करताना मिक्श्चर जोरात पातळ ठेवा, शिशाचा निम्मा त्रास तिथंच मिटतो. इतकं पातळ, की चुकून तसंच टेकऑफला थ्रॉटल दिला तर इंजिन अडखळलं पाहिजे. अर्धवट पातळ ठेवणं त्यापेक्षा धोक्याचं, कारण इंजिन तक्रार न करता पूर्ण ताकदीवर जातं आणि तापतं.

बंद करण्यापूर्वी लायकमिंगचाच सल्ला आहे: तापमानं स्थिर होईपर्यंत १००० ते १२००, मग १५-२० सेकंद १८०० च्या आसपास, परत १००० ते १२०० वर आणून लगेच मिक्श्चरनं बंद. गर्दीच्या ॲप्रनवर (विमानं उभी करायच्या जागेवर) मागं कोण उभं आहे ते बघून करा मात्र.

सायबर_चौक

एक बाळबोध प्रश्न. माझ्या गाडीत इरिडियम प्लग आहेत, लाखभर किलोमीटर बघावंच लागत नाही. तेच विमानाला का नाही लावत?

मॅग्नेटोवाला

इरिडियमचे विमानासाठीही आहेत, फाइन वायर म्हणतात. शिसं कमी धरतात, टिकतात जास्त, किंमत साध्या प्लगच्या कित्येक पट. पण गाडीचा प्लग तिथं बसतच नाही. विमानाच्या प्लगचे आटे १८ मिलिमीटरचे, आणि वरचा सगळा भाग धातूच्या नळीत बंद. लीडसुद्धा जाळीच्या आवरणात. कारण ठिणगीची वीज उघडी राहिली तर वैमानिकाच्या कानात रेडिओवर नुसती खरखर. आणि कुठला प्लग चालेल त्याची इंजिनाची यादी असते, लायकमिंगची सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १०४२. यादीत नाही तो बसत असला तरी बसवायचा नाही.

नावही वाचता येतं. आरईएम४०ई घ्या: आर म्हणजे रेझिस्टर, ई म्हणजे ५/८-२४ ची नळी, एम म्हणजे १८ मिमीचे अर्धा इंच लांब आटे, ४० हा उष्णतेचा आकडा, शेवटचा ई म्हणजे दोन टोकांचा साधा नमुना. आरईएम३७बीवाय मध्ये मातीचं नाक पुढं आलेलं असतं, ते जास्त तापतं आणि शिसं झटकतं. १५२ वाल्यांचा तो लाडका.

गगनबावडा_पवन

टेकनामसारख्या हलक्या विमानांत रोटॅक्स ९१२ इंजिन असतं, तिथं सगळं वेगळं आहे हे नोंदवून ठेवतो. १२ मिमीचे, गाडीच्या जातीचे एनजीकेचे प्लग, आट्यांना उष्णता वाहणारी पेस्ट, आवळायचा जोर, म्हणजे टॉर्क, फक्त २० न्यूटन मीटर. लायकमिंगची सवय असलेल्या हातानं रोटॅक्सला हात लावू नये.

मॅग्नेटोवाला

शंभर टक्के.

आता सफाई आणि बसवणं. आधी तेल आणि चिकटा सॉल्व्हंटनं धुवायचा, मग शिशाचे गोळे. कंपन करणारं छोटं मशीन असतं, त्याची सुई प्लगच्या पोटात घालून गोळे फोडायचे. हातानं टोकदार सुईनंही होतं, पण मातीच्या नाकावर दाब द्यायचा नाही. तारेचा ब्रश टोकांवर कधीच नको, मातीवर धातूची रेघ उमटते आणि तीच विजेला वाट देते. शिशाची धूळ असते ही, तेव्हा हातमोजे, आणि काम झाल्याबरोबर हात धुतल्याशिवाय चहाला हात लावायचा नाही. आमच्या पोरांना हे शंभरदा सांगावं लागतं.

गॅप, म्हणजे दोन टोकांमधली फट, ०.०१६ ते ०.०२१ इंच, म्हणजे ०.४१ ते ०.५३ मिमी. बाहेरचं टोक फिक्श्चरमध्ये धरून हळूहळू आत ढकलायचं, गोल तारेच्या गेजनं मोजत. ढकलताना गेज मधे ठेवायचं नाही. मधल्या टोकावर बाजूनं जोर आला की माती तडकते. आणि जास्त आत गेलं तर परत बाहेर ओढायचं नाही, म्हणून दमानं.

राजारामपुरी_ते_टेक्सास

इथं अमेरिकेत मी स्वतःच्या जुन्या १७२ चे प्लग स्वतःच करतो. एफएएच्या (इथलं विमान खातं) पार्ट ४३ नियमांच्या अपेंडिक्स ए मध्ये प्लग बदलणं, साफ करणं आणि गॅप लावणं हे मालक-वैमानिकाला करता येणाऱ्या कामांत लिहिलेलं आहे. भारतात सर्टिफाइड विमानाला एएमईची (लायसनवाल्या देखभाल इंजिनिअरची) सही लागते, म्हणजे काकांच्या मूळ प्रश्नाचं कागदी उत्तर तेच.

एक भर घालतो. साध्या मल्टिमीटरनं प्लगचा रेझिस्टन्स तपासा, वरच्या खड्ड्यातल्या संपर्कापासून मधल्या टोकापर्यंत. ५००० ओहमच्या वर गेला तर तो प्लग बाद. दिसायला नवा कोरा, गॅप बरोबर, बॉम्ब टेस्टरवर (दाबाखाली ठिणगी तपासणारं यंत्र) ठिणगी झकास, आणि मीटरवर आकडा भलताच, असे प्लग मी पाहिलेत.

उद्यमनगरकर

टॉर्कवर ये. आमचं आयुष्य हाताच्या अंदाजावर गेलं. वॉशर दबल्याचं मनगटाला कळतं. पाव फेरा, झालं.

मॅग्नेटोवाला

काका, तुमच्या मनगटावर माझा विश्वास आहे, पण सही मला करायची असते. 🙂

लायकमिंगचा आकडा ४२० इंच-पौंड, म्हणजे ३५ फूट-पौंड, साधारण ४७ न्यूटन मीटर. कॉन्टिनेंटलचा कमी, ३०० ते ३६० इंच-पौंड. प्लग सैल राहिला तर नुसता गॅस गळत नाही. प्लगची उष्णता त्या तांब्याच्या वॉशरमधूनच डोक्यात उतरते. वॉशर नीट दबला नसेल तर प्लग तापत जातो, लाल होतो, आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो. जास्त आवळला तर प्लगचं कवच ताणतं, आतली सील सुटते, आणि पुढच्या वेळी काढताना हेलिकॉइल (डोक्यात आट्यांसाठी बसवलेली तारेची गुंडाळी) प्लगसोबत बाहेर. दोन्हीकडून मार.

प्लग आधी हातानं, बोटांनी, वॉशर टेकेपर्यंत जायला हवा. मधेच अडला तर पाना लावायचा नाही. काढा, आटे साफ करा, १८ मिमीचा चेसर (आटे साफ करायचं हत्यार) ग्रीस लावून फिरवा म्हणजे कचरा ग्रीसमध्ये अडकेल. ॲल्युमिनियमच्या डोक्यात वाकडा चढवलेला प्लग हे महागातलं काम आहे.

शिरोलीचा_लेथवाला

अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावता का नाही? आमच्याकडं एक्झॉस्टच्या बोल्टला चोपडून लावतात.

मॅग्नेटोवाला

लावतो, पण चोपडून नाही. टोकाकडचा पहिला आटा कोरडा, त्यानंतरच्या आट्यांवर पुसट थर. पहिल्या आट्यावर लावलं की तापल्यावर ते वाहून इलेक्ट्रोडवर येतं आणि वीज वाहून नेतं. नवीन प्लग, नवीन वॉशर, टॉर्क अचूक, आणि तरी एक सिलिंडर थंड, अशी तक्रार आली की मी आधी हेच बघतो. शिवाय आट्यांना जास्त वंगण असलं की त्याच टॉर्कला प्लग जास्त ताणला जातो.

वॉशर दर वेळी नवा. जुना वापरायचाच तर नरम करून.

शिरोलीचा_लेथवाला

नरम करण्यावर मी बोलतो, हा आपला प्रांत. तांबं एकदा दबलं की कडक होतं, दुसऱ्यांदा दाबलं तर खाचखळग्यात बसत नाही. लाल होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात टाकायचं. फौंड्रीत नवी पोरं म्हणतात, पाण्यात टाकलं तर उलट कडक होईल की. पोलादाचं तसं होतं, तांब्याचं नाही. तांब्यात नरमपणा तापवण्यानं येतो, पाण्यानं फक्त वरची काळी पापडी उडते. हवेत गार केलं तरी नरमच राहील. तारेत सगळे वॉशर एकत्र ओवून तापवा, एकावर एक चिकटणार नाहीत असे.

आणि जुना वॉशर काढल्यावर डोक्याला चिकटून राहिलाय का ते बघता ना? दोन वॉशर एकावर एक बसलेले मी ट्रॅक्टरात पाहिलेत.

मॅग्नेटोवाला

क्या बात! हो, बघतो. विमानातही होतं ते, विशेषतः खालच्या प्लगला. आणि काही विमानांत एका प्लगखाली वॉशरच्या जागी तापमानाचा सेन्सर असतो, तिथं तांब्याचा वॉशर आणखी घालायचा नाही.

आकाशवेडी

प्लग परत त्याच जागी लावता का?

मॅग्नेटोवाला

नाही, आणि हीच ट्रेची खरी गंमत. मॅग्नेटोची ठिणगी एकदा धन, एकदा ऋण अशी पाळीपाळीनं येते. चार सिलिंडरच्या इंजिनात त्यामुळं एका सिलिंडरच्या नशिबात कायम तीच बाजू. एका प्लगचं मधलं टोक झिजतं, दुसऱ्याचं बाहेरचं. शिवाय खालचा प्लग घाण धरतो, वरचा स्वच्छ राहतो. दोन्ही झीज वाटून घ्यायच्या तर प्लग फायरिंग ऑर्डरमधल्या पुढच्या सिलिंडरला, आणि वरचा खाली, खालचा वर. ऑर्डर १-३-२-४. म्हणजे १ वरचा ३ च्या खाली, ३ वरचा २ च्या खाली, २ वरचा ४ च्या खाली, ४ वरचा १ च्या खाली. आणि खालचे त्याच क्रमानं वर.

बसवून झाल्यावर लीड. नटाचे आटे आधी हातानं, मग ५/८ वाल्याला ९० ते ९५ इंच-पौंड, ३/४ वाल्याला ११० ते १२०. पावसाळ्यात वरच्या प्लगच्या खड्ड्यात ओल बसते, तेव्हा लीड घालण्याआधी आत फुंकर मारून (तोंडानं नव्हे, कोरड्या हवेनं) पुसून घ्यायचं.

मग रनअप. एखादा मॅग्नेटो नीट चालत नसेल तर त्याच मॅग्नेटोवर थोडा वेळ इंजिन चालवून बंद करायचं आणि लगेच इन्फ्रारेड थर्मामीटरनं चारही एक्झॉस्ट पाइप मोजायचे. थंड पाइप ज्याचा, दोष त्याच्याकडं. बऱ्याच इंजिनांत एक मॅग्नेटो एका बाजूचे वरचे आणि दुसऱ्या बाजूचे खालचे प्लग पेटवतो, त्यामुळं सिलिंडर कळला की प्लग आपोआप कळतो.

तांबडा_पांढरा

प्लग हातातून फरशीवर पडला तर?

मॅग्नेटोवाला

कचऱ्याच्या डब्यात.

तांबडा_पांढरा

अहो, काहीच झालेलं नसलं तरी? एवढ्या किमतीचा प्लग?

मॅग्नेटोवाला

काहीच झालेलं नाही हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. मातीतला केसाएवढा तडा टेबलावर ठिणगी देतो आणि सिलिंडरच्या दाबाखाली देत नाही. वाद नको म्हणून मी पडलेल्या प्लगचे आटे व्हाइसमध्ये चेपूनच टाकतो, नाहीतर कुणीतरी डब्यातून उचलून पुसून शेल्फवर ठेवतो.

राजारामपुरी_ते_टेक्सास

एवढं टोक गाठायची गरज नाही असं मला वाटतं. बॉम्ब टेस्टर दाबाखालीच तपासतो की. त्यावर पास झाला, ओहम बरोबर आले, तर मी लावतो.

मॅग्नेटोवाला

तुमचं विमान, तुमचा निर्णय. बॉम्ब टेस्टर दाब देतो, पण सिलिंडरमधली उष्णता देत नाही, आणि तडा तापल्यावर उघडतो. माझ्या विमानात उद्या एकोणीस वर्षांची मुलगी एकटी बसणार असते. मी टाकतो.

आकाशवेडी

🙏

उद्यमनगरकर

पटलं. आता कामाचं बोलू. सफाईला वाळूचं ब्लास्टिंग चालेल का? आपल्या उद्यमनगरात गल्लोगल्ली आहे.

मॅग्नेटोवाला

ब्लास्टिंग चालतं, ती वाळू नाही. सिलिका मातीच्या नाकाला चिकटून राहते आणि कामगाराच्या फुफ्फुसातही जाते. प्लगसाठी सिलिका नसलेला ॲब्रेसिव्ह येतो. तोही काही सेकंदच, प्लग गोल फिरवत, आणि नंतर हवेनं पूर्ण झाडून. दाणा एक जरी पोटात राहिला तरी तो सिलिंडरच्या भिंतीवर रेघ ओढणार. प्लग तेलकट असताना ब्लास्ट करू नका, चिखल होतो.

शिरोलीचा_लेथवाला

तो ट्रे बाजारात केवढ्याला मिळतो? मी ॲल्युमिनियमच्या प्लेटमध्ये करून देतो की. मापं टाक.

मॅग्नेटोवाला

द्याच! आटे १८ चे आहेत, तेव्हा भोक १९ चं, म्हणजे प्लग टोक खाली करून वॉशरच्या बैठकीवर टेकेल. षटकोन ७/८ इंची, कोपऱ्यातून कोपऱ्यात २६ मिमीच्या जवळ, आणि बोटं आत जायला हवीत, म्हणून दोन भोकांच्या केंद्रांत निदान ४५ मिमी. प्लेट १० मिमीची पुरे, पण खाली पाय द्या, टोकं टेबलाला लागता कामा नयेत. दोन ओळी: वरच्या ओळीत वरचे प्लग, खालच्यात खालचे, आणि प्रत्येक भोकाशेजारी आकडा पंच करून. रंगानं लिहू नका, ॲसिटोननं जातो.

शिरोलीचा_लेथवाला

कडा चेम्फर करून देतो. सहा सिलिंडरवाला पण हवा असेल तर आत्ताच सांग, प्लेट एकदाच कापतो.

मॅग्नेटोवाला

चारचेच दोन करा. एक आमच्या हँगरला, एक काकांना, बुलेटचे वॉशर ठेवायला.